औषधाची मुदत आणि रोगाची नोंद

हैदराबादेतील अमीरपेठेत संगणकशिक्षणाच्या वर्गांच्या पाट्या दाटीवाटीने लागलेल्या असतात. त्यांतच ‘मेडिकल कोडिंग’ शिकविणाऱ्या वर्गांच्याही पाट्या दिसतात. जीवशास्त्राचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर तेथे दाखल होतात. मराठवाड्यातून येणाऱ्यास हे शहर परके वाटू नये. १९५६ पर्यंत त्या मुलखाची राजधानी तेच होते. शिक्षण संपले म्हणजे ही मंडळी बहुधा अमेरिकेतील रुग्णांची टिपणे वाचण्याचे काम पत्करतात. रुग्ण त्यांच्या दृष्टीस कधी पडत नाही. डॉक्टरने लिहिलेल्या निदानास नेमका संकेतांक देणे, एवढेच त्यांचे काम; परंतु विम्याचे देणे आणि रोगांची गणती ही दोन्ही त्यावरच अवलंबून असतात.

अशा गणतीचा उगम जुना आहे. लंडनमधील धर्मग्रामांचे कारकून दफनांच्या नोंदी ठेवीत आणि त्यांवरून मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत. जॉन ग्रांट याने १६६२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १८९३ मध्ये झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेने सांभाळली. तिची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये अमलात आली असली, तरी अमेरिकेत दहावीचेच विस्तारित रूप चालते. ते तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले.

या यादीतील ‘झेड ७९.२’ हा संकेतांक मोठा चमत्कारिक आहे. तो कोणत्याही रोगाचा नव्हे. रुग्ण दीर्घकाळ प्रतिजैविक औषध घेत आहे, एवढेच तो सांगतो. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झालेल्या स्त्रीचे टिपण घ्या. संसर्गासाठी ‘एन ३९.०’ आणि जंतू ई. कोलाय निघाला तर ‘बी ९६.२०’ हा जोडसंकेतांक लागतो. तिला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, म्हणून ‘झेड ७९.२’ लावता येत नाही. अल्पकालीन आजारावर थोड्या दिवसांपुरते दिलेले औषध येथे मोजू नये, असे अमेरिकेच्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट आहे, आणि उदाहरण म्हणून श्वासनलिकेच्या तीव्र दाहावरील प्रतिजैविकाचेच दिले आहे. त्याच स्त्रीस वारंवार संसर्ग होतो म्हणून तो टाळण्यासाठी महिनोन्महिने रोज एक गोळी दिली, तर मात्र तो संकेतांक हवा.

शाळकरी वयात होणारा संधिज्वर हे याहून बोलके उदाहरण. घशाच्या साध्या दुखण्यामागून तो येतो आणि कित्येकदा हृदयाच्या झडपांना कायमची इजा करून जातो. तो पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे टोचावी लागते. झडप बिघडलेली राहिल्यास कित्येकदा वयाच्या चाळिशीपर्यंत. एवढी वर्षे मूल एकाच डॉक्टरकडे राहील कसे? गाव बदलते, दवाखाना बदलतो. नव्या डॉक्टरला नोंदीतून हे कळले नाही आणि सुई चुकली, तर ज्वर उलटण्याचा धोका असतो. किती दिवसांचे औषध म्हणजे दीर्घकालीन, याचा आकडा नियमांत नाही. दिवस मोजण्यापेक्षा हेतू पाहावा, असाच त्यांचा रोख आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. हाडातील संसर्गावरचे सहा आठवड्यांचे औषध प्रतिबंधासाठी नसते. तरी रोगच लांबणीचा असल्याने ते या नोंदीत बसते.

हैदराबादपुरता हा विषय परक्या कागदांचा राहिलेला नाही. शहरालगतच्या पाटनचेरू भागात औषधांच्या कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक रुग्णाच्या रक्तात आढळते त्याहूनही अधिक प्रमाणात असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जंतू फोफावण्यास वाव मिळतो.

दाद न देणाऱ्या जंतूंसाठी ‘झेड १६’ हा वेगळा गट आहे. तेथे मात्र कोडरचे हात बांधलेले असतात. प्रयोगशाळेच्या कागदावर अमुक औषध निरुपयोगी असल्याचे छापलेले त्याला दिसते; पण केवळ त्यावरून त्याने अर्थ काढावयाचा नसतो. डॉक्टरने स्वतः तसे लिहिलेले असावे लागते. बाह्यरुग्णाच्या टिपणात ‘संशय आहे’ असे असेल तर तो रोग मोजावयाचा नाही, केवळ लक्षण मोजावयाचे. उलट इस्पितळातून घरी सोडताना तोच शब्द लिहिलेला असेल, तर रोग असल्याप्रमाणे धरावयाचा! नवशिके येथे हमखास अडखळतात. औषधाच्या यादीत पेनिसिलिन आहे आणि कारण कोठेच नाही, अशी टिपणेही येतात. तेव्हा कोडर डॉक्टरकडे लेखी पृच्छा पाठवितो, आणि उत्तर येईपर्यंत तो कागद बाजूला राहतो.