घानातला हापसा आणि आपली मुले

आपल्या बॉथेल परिसरातील मराठी घरांत मुले अकरावी-बारावीला आली की एक प्रश्न हमखास निघतो : "आई, उन्हाळ्यात दोन आठवडे घानाला सेवेसाठी जाऊ का?" आईवडिलांच्या मनात लगेच दोन गोष्टी येतात. मूल सुखरूप परत येईल ना, आणि कॉलेजच्या अर्जाला याचा उपयोग होईल का? मुले परतल्यावर त्या गावात काय उरते, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो समजून घ्यायला आपल्याकडचा हापसा उपयोगी पडेल.

साठच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळी भागांतल्या खेड्यांत कातळात बोअर घेऊन ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले जाऊ लागले. त्यांची मूळ रचना अमेरिका-युरोपातील शेतघरांसाठी, म्हणजे एका कुटुंबापुरती होती. आपल्याकडे एकेका पंपावर सारे गाव पाणी भरी, त्यामुळे ते भराभर मोडले. जालन्याच्या मिशनमधील मंडळींनी मजबूत पोलादी पंप बनवला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि युनिसेफच्या साहाय्याने सत्तरच्या दशकात त्यातून 'इंडिया मार्क टू' तयार झाला. आज पश्चिम आफ्रिकेतील अनेक खेड्यांत हा पंप दिसतो; घानाने त्याची थोडी बदललेली आवृत्ती स्वीकारली आहे.

मात्र याही पंपाचे वायसर झिजतातच. ते बदलायचे तर बोअरमधले सगळे पाईप वर ओढावे लागतात. (ही अडचण कमी करण्यासाठीच पुढे 'मार्क थ्री' निघाला.) त्यासाठी गावात शिकलेला माणूस, जवळपास सुटे भाग मिळण्याची सोय आणि घरटी थोडी वर्गणी लागते. यांतले एखादे नसेल, तर पाहुण्यांनी थाटात बसवलेला पंप वर्ष-दोन वर्षांत नुसता खांब होऊन राहतो. शाळेच्या भिंतीचेही तसेच. स्थानिक गवंडी ती आपल्या मुलांपेक्षा सरळ बांधतो, आणि त्याला त्या मजुरीची गरजही असते.

दुसरा मुद्दा हंगामाचा. येथील शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटतात. नेमक्या त्याच सुमारास सेनेगल आणि घानाच्या उत्तर भागात पाऊस असतो. बाजरी, ज्वारी, भुईमुगाची पेरणी आणि निंदणी चालू असते. ऐन मृगात दहा पाहुणे घरी आले तर आपल्या शेतकऱ्याचे जे होईल, तेच तेथे होते. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला तरुण मुले मे महिन्यात जातात. तेव्हा कॉलेजांना सुटी असते आणि पेरणी अजून दूर असते. शिवाय त्या छावणीच्या नावातच 'संस्कार' आहे : तेथे घडायचे ते आलेल्या मुलांनी.

तयारीचेही पाहावे. पीस कोअरची पहिली तुकडी ऑगस्ट १९६१ मध्ये अक्राला उतरली, तेव्हा त्या शिक्षकांनी विमानतळावरच ट्वी भाषेत गाणे म्हटले. ते दोन वर्षे राहायला आले होते. दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्या मुलांनी निदान नमस्कार-चमत्कारापुरती गावची भाषा शिकावी. वैद्यकीय शिबिर असेल तर इंजेक्शन देणे, जखम शिवणे यांना हात लावू नये. जे येथे विद्यार्थ्याला करता येत नाही, ते तेथेही करू नये.

प्रकृतीबाबत दोन गोष्टी. घानात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो आणि ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या असतात. आपल्याला लहानपणी हिवताप आला होता, म्हणून येथे जन्मलेल्या मुलांना त्यापासून संरक्षण मिळत नाही.

याचा अर्थ मुलांना पाठवू नये असा नाही. आपले जग केवढे लहान आहे, हे तेथे त्यांना कळेल, आणि तो लाभ आपला आहे हे मोकळेपणाने मान्य करावे. गावाच्या लाभासाठी पैसे भरण्यापूर्वी संस्थेला विचारावे : हे काम कोणी मागितले? आमच्या पैशातले गावात किती पोचते? मागच्या वर्षीचे काम आज चालू आहे का? आणि पंप बिघडला तर दुरुस्त कोण करतो? त्या माणसाचे नाव ज्या संस्थेला चटकन सांगता येईल, तिच्याबरोबर मुलांना खुशाल पाठवावे.