पिकअपचा चौथा दरवाजा

मिशिगनमध्ये भाच्याकडे दोन महिने राहून आलो. तिथे पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझा बराच वेळ गेला तो त्याच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये, एका कापलेल्या गाडीपुढे. पुढे छोटी केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ती पिकअप. शेवरोले कंपनीची, १९७० सालची. शेजाऱ्याचे वडील वारले आणि ती त्याच्याकडे आली. त्याला दोन मुलं. केबिनमध्ये मात्र एकच बाकडं आणि दोनच दरवाजे. "लहानपणी मी मागच्या हौद्यात बसायचो. माझ्या पोरांना तसं बसवणार नाही," तो म्हणाला. वडिलांची गाडी विकायची नाही आणि पोरांना घरी ठेवून ती चालवायचीही नाही. तेव्हा केबिन वाढवून मागे आणखी दोन दरवाजे करायचे, असं त्याने ठरवलं.

कंपनीची चार दरवाजांची गाडी तेव्हा मिळत नव्हती का? मिळत होती, पण शेवरोलेची नव्हे. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने १९५७ साली 'ट्रॅव्हलेट' नावाची सहा माणसांची पिकअप काढली. तिला दरवाजे तीनच होते. चौथा आला १९६१ मध्ये. डॉजने १९६३ साली आणि फोर्डने १९६५ साली चार दरवाजांची गाडी दिली. शेवरोलेला १९७३ उजाडलं. जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९५८ मध्ये अशी दुहेरी केबिन काढली, तिलाही मागचा दरवाजा एकाच बाजूला. या गाड्या मुळात कुटुंबांसाठी नव्हत्याच. रस्त्याच्या, तारांच्या, रुळांच्या कामावर जाणाऱ्या टोळीसाठी होत्या, म्हणून त्यांना 'क्रू कॅब' म्हणतात. मजूर एकाच बाजूने चढले-उतरले तर बिघडतं काय, असा हिशेब असावा. मला तरी तसं वाटलं.

आता काम कसं चालतं ते सांगतो. या गाड्यांची चासी वेगळी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली केबिन वेगळी, म्हणून हे शक्य होतं. भंगारातून तशीच दुसरी केबिन आणायची. एकीचा मागचा भाग कापायचा, दुसरीचा पुढचा, आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण करवत लावण्याआधी मिस्त्रीने केबिनच्या आत लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करून घेतले होते. ते नसतील तर पत्रा कापताक्षणी केबिन फाकते आणि मग कुठलाच दरवाजा जागेवर बसत नाही. दर थोड्या वेळाने तो कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत फीत धरून दोन्ही कर्ण मोजायचा. कर्ण सारखे नाहीत म्हणजे चौकट वाकडी.

सगळ्यांत अवघड काम टपाचं. मोठा, सपाट, पातळ पत्रा. सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने पापडासारखा फुगतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग थांबायचं, निवू द्यायचं आणि मधली जागा हळूहळू भरत जायची. घाई करणारेही असतात. ते खळग्यांवर पुट्टी थापतात, वर झकास रंग मारतात, आणि जोड कसा आहे हे गाडी घेणाऱ्याला कळतच नाही. ते कळतं ते अपघात झाल्यावरच.

दरवाजांचीही गंमत आहे. त्याच काळात शेवरोलेची 'सबर्बन' नावाची मोठी गाडी होती. १९६७ ते १९७२ पर्यंतच्या सबर्बनला दरवाजे तीन : डावीकडे एक, उजवीकडे दोन. म्हणजे उजव्या बाजूचा मागचा दरवाजा भंगारात तयार मिळू शकतो. डावीकडचा, चालकामागचा, कंपनीने कधी केलाच नव्हता. तो जुन्या दरवाजाचा पत्रा कापून, घडवून हातानेच करावा लागतो.

केबिन लांबली की हौद्याला जागा उरत नाही. आठ फुटी हौदा काढून साडेसहा फुटी लावला, तरी चासी वाढवावीच लागते. ती सरळ रेषेत कापून जोडली तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो, म्हणून काप तिरका घेतात आणि आतून पोलादी पट्टी लावतात. मग ब्रेकचे पाइप, इंधनाची नळी, चाकांकडे जाणारा शाफ्ट, सगळंच लांबवायचं. मुलांसाठी एवढा खटाटोप, म्हणून शेजाऱ्याने पट्ट्यांची चौकशी आधी केली. सीटबेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्यात लावला तर धक्क्याने पत्रा फाटून बाहेर येतो. मागे जाड प्लेट हवी, आणि खांब आतून भक्कम हवा.

आपल्याकडचे मिस्त्रीही हे काम करतील, हातात कसब आहे. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. ते कडक वाटेल. पण पुट्टीखालचे जोड आठवले की मला त्यात वावगं दिसत नाही.

एकदा मिस्त्रीने वडिलांच्या केबिनची कापलेली मागची बाजू भंगारात टाकायला उचलली. शेजारी म्हणाला, "राहू दे." ती त्याने भिंतीला टेकवून ठेवली.

मी निघालो तेव्हा गाडीवर करडा प्रायमर होता आणि डावीकडचा मागचा दरवाजा खालून दोन सूत बाहेर राहत होता. मिस्त्रीने तो तीनदा उघडून लावून पाहिला आणि बिजागरीचे बोल्ट पुन्हा सोडायला घेतले.