संगणकातला माणूस का कोसळतो?

बांध्यांत पाणी साचले की गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू होते. बायका दिवसभर कमरेत वाकून, चिखलात मागे सरकत पऱ्हे लावतात. संध्याकाळी कंबर धरते. या वाकण्यात मणक्यावर नेमका किती भार येतो?

बांधीत उभे राहून हे मोजता येत नाही. म्हणून संशोधक हाडे, सांधे आणि स्नायू असलेला माणूस संगणकात उभा करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘ओपनसिम’ ही मोफत प्रणाली यासाठी जगभर वापरली जाते. चालण्याच्या अभ्यासाच्या तिच्या एका प्रतिकृतीत ९२ स्नायू-घटक आहेत. पण अनेकदा हा माणूस उभाच राहत नाही. गुडघा उलटा वळतो, धड कोसळते किंवा गणित मध्येच थांबते. अशा वेळी स्नायूंची ताकद वाढवण्याआधी काही साध्या गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट वजनाची. ५० किलोची व्यक्ती स्थिर उभी असताना जमीन तिला सुमारे ४९० न्यूटन बलाने वर ढकलते. प्रतिकृतीचे वजन चुकून ५५ किलो धरले, तर सुमारे ४९ न्यूटन कमी पडतात आणि ती खाली जाते. उजव्या पायाचे बल डाव्या पायाला जोडले गेले, किंवा कॅमेरा आणि बल मोजणारी पट्टी यांच्या वेळा जुळल्या नाहीत, तरी तोल जातो.

दुसरी गोष्ट वेळेची. स्नायूचा जोर सेकंदाच्या काही शतांशांत बदलतो. गणिताने मोठे टप्पे घेतले, तर छोटी चूक पुढच्या टप्प्यांत वाढत जाते. टप्पा निम्मा करून पाहावा. उत्तर बरेच बदलले, तर आधीच्या उत्तरावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट रोवणीसाठी सर्वांत महत्त्वाची. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५५ मध्ये दाखवले, की माणूस पूर्ण वाकला की पाठीच्या स्नायूंतील विद्युत हालचाल जवळजवळ थांबते. तेव्हा भार मुख्यतः अस्थिबंध आणि ताणलेल्या ऊती पेलतात. चालण्यासाठी बनवलेल्या प्रतिकृतीत हे अस्थिबंध नसतील, तर वाकवल्यावर तिचे धड पुढे कोसळेल किंवा स्नायूंवर अवास्तव भार दिसेल.

इथे एक मोह होतो. कमरेला न दिसणारा आधार देणारी काल्पनिक बले गणितात घालता येतात. मोजमापातील बारीक चुका भरून काढायला ती थोडी लागतातच. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मार्गदर्शक लेखात त्यांना मर्यादा सुचवली आहे: शरीरावरील एकूण बाह्य बलाच्या ५ टक्क्यांहून कमी. आपल्या उदाहरणात ती सुमारे २५ न्यूटन, म्हणजे अडीच किलोच्या पिशवीएवढी. आधार याहून मोठा असेल, तर प्रतिकृती छान उभी राहते, पण मणक्यावरचा भार चुकीचा येतो.

त्याच आकड्यावरून रोवणीत विश्रांती किती वेळाने घ्यावी, कोणते अवजार कंबरेला सोयीचे, हे ठरू शकते. आकडा फसवा असेल, तर त्याची किंमत कंबर मोजते. म्हणून असा आकडा वाचनात आला, की एक प्रश्न जरूर विचारावा: संगणकातल्या त्या माणसाला न दिसणारा आधार किती दिला होता?