आठ बाय बेचाळीस
माळ, घाट आणि नदीकाठ यांसाठी एकच दुर्बीण

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरात, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपासच थांबतो. सांगलीचंही तसंच आहे. शिराळ्याच्या बाजूला चांदोलीचं दाट रान, आटपाडी-जतच्या बाजूला खुरट्या गवताचा माळ आणि मधून कृष्णा. जनावरं-पाखरं बघत हिंडणाऱ्याला एवढ्याशा मुलखात तीन-चार वेगळ्या दुनिया भेटतात. गळ्यात दुर्बीण मात्र एकच असते, कारण दुसरी परवडत नाही. ही एकच दुर्बीण कोणती असावी, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: आठ बाय बेचाळीस, म्हणजे ८ × ४२. ते उत्तर का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आज दहा ते तीस हजार रुपयांत मिळणाऱ्या बऱ्याच चांगल्या दुर्बिणी शिकाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून बनल्या आहेत. अमेरिकेत आणि युरोपात शिकार कायद्याच्या चौकटीत चालते, आणि तिथला शिकारी हा दुर्बिणीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. हिरवट-तपकिरी रबराचं आवरण, पावसात भिजलं तरी पाणी आत न शिरणं, हातातून पडली तरी भिंगं न हलणं, हे सगळं त्याच्या गरजांतून आलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपवली. शिकाऱ्याचं हे हत्यार आपल्याकडे नुसतं बघणाऱ्याच्या हाती आलं. मला ही फार चांगली गोष्ट वाटते.

पक्षीशास्त्रातही हेच घडलं. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकाला पक्षी ओळखायचा म्हणजे तो आधी मारून हातात घ्यावा लागे. इंग्लंडच्या एडमंड सेलूस यांनी १९०१ साली पक्षीनिरीक्षणावर पुस्तक लिहिलं आणि मारण्यापेक्षा बघण्यातून जास्त कळतं, असं आग्रहाने मांडलं. सालीम अलींचा पक्ष्यांशी परिचय झाला तोही लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीतूनच. आपल्या माडगूळचे, आटपाडी तालुक्यातले, व्यंकटेश माडगूळकर यांनाही शिकारीचा नाद होता. पण ज्या पुस्तकासाठी रानप्रेमी मराठी वाचक त्यांना मानतो त्या 'नागझिरा'त ते जंगलात राहतात ते बघण्यासाठी.

आता यंत्राकडे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगाकडे बघितलं तर तिथे उजेडाची एक टिकली दिसते, तिचा हा व्यास. डोळ्यात शिरणारा प्रकाश त्या टिकलीतून येतो. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे टिकली लहान असली तरी चालतं. पण दिवेलागणीला तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि पन्नाशीनंतर ती साधारण पाचापर्यंतच जाते. सव्वापाच मिलिमीटरची टिकली बहुतेक डोळ्यांना संध्याकाळी पुरते, आणि रानातली हालचाल तर सकाळ-संध्याकाळीच असते. जर्मनीत झाडाच्या उंच मचाणावर अंधार पडेपर्यंत रानडुकराची वाट बघणारा शिकारी ८ × ५६ वापरतो. त्याला सात मिलिमीटरची टिकली लागते, पण ती दुर्बीण किलोच्या घरात जाते आणि त्याला ती घेऊन चालायचं नसतं. आपल्याला वासोटा किल्ल्याची चढण चढायची असते.

शिकाऱ्यांचे प्रकार आपल्या रानांशी ताडून बघितले की निवड सोपी होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत शिकारी समोरची धार तासन्‌तास न्याहाळतो. तो १० × ४२ घेतो, कधी तिपाईवर १५ × ५६ सुद्धा. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा मुलूख म्हणजे माण-खटावचा माळ. खोकड, लांडगा, चिंकारा, धाविक, पखुर्डी, सगळे लांबून दिसतात आणि लांबच राहतात. दहापट इथे उपयोगी आहे हे मी नाकारत नाही. तरी दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे हात. दुर्बीण जनावराबरोबर हाताची थरथरही तितकीच मोठी करते. दहापटीत चित्र हलतं, आणि आठपटीत जो बारकावा सहज वाचता येतो तोच दहापटीत निसटतो. दुसरी म्हणजे उन्हाची वाफ. सकाळी दहानंतर माळावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलू लागते, आणि कोणतंही भिंग ती थांबवू शकत नाही. जास्त पट म्हणजे जास्त हलणारी हवा.

माळावरची खरी कसोटी भोवत्यांची. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे हे शिकारी पक्षी गवतावरून सावकाश, कमी उंचीवरून भिरभिरतात. माँटेग्यूच्या भोवत्याचा राखी नर पंखावरच्या काळ्या पट्ट्याने ओळखू येतो. फिकट भोवत्याच्या नरावर तो पट्टा नसतो, त्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर असते. माद्या मात्र फसव्या. दोघींचा रंग तपकिरी, आणि फरक चेहऱ्यावरच्या खुणांत व मानेभोवतीच्या फिक्या पट्टीत. संध्याकाळी ते रात्रीच्या मुक्कामाला गवतातच उतरतात, आणि नेमका तेव्हा उजेड संपत आलेला असतो. त्या दहा मिनिटांत पट कामाला येत नाही, भिंगातून येणारा उजेड कामाला येतो. शिवाय पाखरू गवतामागे जाऊन परत बाहेर येतं तेव्हा ते पुन्हा सापडायला दृश्याचा घेर मोठा लागतो. साधारण चांगल्या आठपटीत हजार मीटरवर ११० ते १४० मीटर रुंदीचं दृश्य मिळतं, दहापटीत शंभरच्या आसपास. उडत्या पाखरामागे हात फिरवताना हा फरक मोठा ठरतो.

कोयना-चांदोलीच्या रानात आणखी वेगळंच. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. इथे पक्षी पंधरा-वीस मीटरवर असतो, पण पानांआड आणि अंधारात. शेकरू फांदीवरून फांदीवर झेप घेतं, मलबारी राखी धनेश उंबराच्या माथ्यावर ओरडून पुढे जातो, शिळकरी कस्तुर ओढ्याकाठी काळोखात बसून शीळ घालतो. अमेरिकेच्या दाट रानात हरणाची शिकार करणारा माणूस आठ किंवा त्याहून कमी पट घेतो, ते याच कारणासाठी. दहापटीचा अरुंद घेर इथे अगदीच निरुपयोगी ठरतो. नजर फांदीवर लागेपर्यंत फांदी रिकामी झालेली असते. गव्यांचा कळप, त्यातही पिल्लं असतील तर, लांबूनच बघायचा. तेवढ्यासाठी आठपट पुरते.

कासच्या पठारावर लोक दुर्बीण नेत नाहीत याचं मला नवल वाटतं. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली समाविष्ट झालेल्या या सड्यावर फुलांत पाय टाकू नये, एवढी साधी अपेक्षा आहे, आणि वाटेवरून बघणाऱ्याला दुर्बीण हे उत्तम साधन आहे. त्यासाठी जवळचा फोकस तपासा. दोन ते अडीच मीटरवर धरता येणारी दुर्बीण ड्रॉसेरा या किडेखाऊ रोपाच्या लाल चिकट थेंबांत अडकलेला किडा दाखवते. चार-पाच मीटरच्या आत न येणारी दुर्बीण पायाजवळचं काहीच दाखवणार नाही.

सांगलीकरांसाठी मात्र कृष्णा महत्त्वाची. भिलवडी, औदुंबरच्या परिसरात मगरी आहेत आणि थंडीत त्या काठावर उन्हं खात पडतात. नदीवर कपडे धुणारे, जनावरं पाजणारे लोक तिथे रोज असतात. लांबून, काठावर न उतरता मगर ओळखता येणं हे तिथे छंदापलीकडचं आहे. पाण्यातला ओंडका आणि मगर यांतला फरक आठपटीत बहुतेक वेळा कळतो. मायणीच्या तलावावर किंवा येरळवाडीच्या धरणावर हिवाळ्यात रोहित आले की गणित बदलतं. एवढ्या लांबच्या पक्ष्यांना मोजायचं, पायात कडी आहे का ते बघायचं, तर दुर्बिणीने भागत नाही, तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप लागतो. हे मान्य करावं. पण त्यासाठी दहा किंवा बारापटीची दुर्बीण घेऊन दोन्हीकडची कामं अर्धी ठेवू नये.

सागरेश्वरचा उल्लेख केला नाही तर हा लेख अपुरा राहील. धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उभं राहिलेलं हे अभयारण्य उजाड टेकड्यांवर झाडं लावून, जनावरं आणून सोडून बनलं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नव्याने बघायला शिकणाऱ्या मुलांसाठी सातारा-सांगलीत याहून चांगली शाळा नाही. इथे काळवीट, चितळ, सांबर थोड्या अंतरावर निवांत दिसतात, त्यामुळे दुर्बीण कशी धरायची, फोकस कसा करायचा हे शिकायला वेळ मिळतो.

ते शिकण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगली दुर्बीण चुकीच्या मांडणीने वाया जाते. आधी दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराइतक्या उघडा, म्हणजे एकच गोल दिसेल. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दिसणारं चित्र स्वच्छ करा. त्यानंतर डावा मिटून उजव्या भिंगाजवळचं छोटं कडं फिरवा आणि त्याच वस्तूचं उजव्या डोळ्याला दिसणारं चित्र स्वच्छ करा. दोन्ही डोळ्यांचा नंबर सहसा सारखा नसतो, तो फरक हे कडं भरून काढतं. एकदा झालं की त्याला हात लावायचा नाही, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी वाटी आत दाबून ठेवा, आणि खरेदी करताना भिंगापासून डोळ्याचं कामाचं अंतर १५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे याची खात्री करा. नाहीतर चष्म्यातून दृश्याचा मधला भागच दिसेल.

आता आत काय असतं ते. इग्नाझिओ पोरो या इटालियनाने १८५४ साली लोलकांची अशी रचना काढली की उलटी प्रतिमा सुलट होते आणि प्रकाशाची वाट घडीसारखी दुमडून दुर्बीण आखूड होते. १८९४ मध्ये झाइस कंपनीने त्या रचनेची दुर्बीण बाजारात आणली. पुढच्या भिंगांत जास्त अंतर असलेली, खांद्यासारखी बाहेर आलेली दुर्बीण ती पोरो. कमी पैशांत ती सर्वांत स्वच्छ चित्र देते आणि खोली चांगली दाखवते, पण बहुतेक स्वस्त पोरो पाण्याला टिकत नाहीत. दोन सरळ नळ्यांची दुर्बीण म्हणजे रूफ प्रिझम. तिच्या लोलकावर फेज कोटिंग लागतं, नाहीतर बारकावे धूसर होतात. ते झाइसने १९८८ साली आणलं आणि आता ते मध्यम किमतीत उतरलं आहे. खोक्यावर 'फेज कोटेड', 'फुल्ली मल्टीकोटेड', 'डायइलेक्ट्रिक' आणि 'नायट्रोजन फिल्ड' हे चार शब्द असतील तर पैशाला न्याय मिळाला असं समजा. नायट्रोजन महत्त्वाचा का? घाटात जुलैमध्ये थंड गाडीतून बाहेर पडल्यावर आतून भिंग धुरकट होऊ नये म्हणून.

निकॉनच्या प्रोस्टाफ आणि मोनार्क, व्होर्टेक्सची डायमंडबॅक या मालिका या किमतीच्या टप्प्यात बहुतेकांच्या गळ्यात दिसतात, आणि त्यांतल्या ८ × ४२ बद्दल मला फारशी तक्रार नाही. पंधरा हजार खर्च करणाऱ्याला मी एवढंच सांगेन की त्यापुढचा प्रत्येक जादा हजार कमी-कमी फरक देतो. लाखांच्या झाइस, लायका, स्वारोव्स्की दुर्बिणी सुंदर आहेत, पण माणच्या माळावर पहिल्या दोन वर्षांत तुमची नजर तयार होईल ती भिंगाने नाही, सवयीने. वजन सहाशे-सातशे ग्रॅमच्या आत ठेवा आणि अरुंद पट्ट्याऐवजी खांद्यावरून जाणारा हार्नेस घ्या, मान दुखत नाही.

काय घेऊ नये हे सांगणं जास्त तातडीचं आहे. '३० × ६०' असं छापलेली खिशात मावणारी दुर्बीण घेऊ नका. पुढची भिंगं हातात धरून मोजा, ती साठ मिलिमीटरची नसतात. पट कमी-जास्त करता येणारी झूम दुर्बीणही नको, तिच्यात घेर नेहमी अरुंद असतो आणि दोन्ही नळ्या एका रेषेत राहत नाहीत. लाल चमकणाऱ्या भिंगांपासून दूर राहा, ते कोटिंग रंग बिघडवतं.

दुकानात तपासायला एक पद्धत आहे. दुर्बीण हातभर लांब धरा आणि उजेडाची टिकली बघा: पूर्ण गोल हवी. तिच्या कडांना राखी चौकोनी सावली असेल तर लोलक हलक्या काचेचा आहे. मग दुकानाबाहेर या. समोरच्या इमारतीच्या सरळ कडेकडे बघा, रंगाची जाड किनार दिसते का. शक्य असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास जा. दुपारी दुकानात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात, दिवेलागणीला त्यांच्यातला फरक दिसतो. पाच मिनिटं बघितल्यावर कपाळ दुखू लागलं तर दोन नळ्या जुळलेल्या नाहीत, ती ठेवून दुसरी मागा.

पावसाळ्यात कोयनेकाठी किंवा पाटणच्या घरात कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीला बुरशी लागते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि कोरडं ऊन पडलं की बाहेर काढून वापरा. माळावरून आल्यावर भिंग शर्टाने पुसू नका. धूळ आधी फुंकणीने उडवा, मग मऊ कापड, कारण माळाच्या धुळीतले कण कोटिंगवर ओरखडे पाडतात आणि ते ओरखडे दुरुस्त होत नाहीत.