मत नको, प्रसंग सांगा

"ॲप कसं वाटलं?" विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "छान आहे." उगाच कशाला कुणाला दुखवा! म्हणून ॲप वापरणाऱ्यांच्या मुलाखतीत मी विचारते, "मागचं वीजबिल भरलंत तेव्हा काय काय झालं?" अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांकडून असेच घडलेले प्रसंग गोळा करून घेतले आणि १९५४ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. माझ्या अशाच एका मुलाखतीत डोंबिवलीच्या एक काकू "सोपं आहे हो" म्हणाल्या आणि पर्समधून चिठ्ठी काढली. मुलाने एकेक पायरी लिहून दिलेली. मी गप्प. मग त्या हळूच म्हणाल्या, "पैसे कापले गेले नि पावतीच आली नाही तर?" मुलाखतकाराने अशा वेळी धीर द्यायला धावू नये. आणि तुमच्याकडे कुणी ॲपसाठी तारे मागितले, तर सोबत घडलेलं दोन ओळींत जरूर लिहा.