पडणारा स्विच काढू नका

मंडळी, आम्ही कुठेही बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो: ‘घरात एमसीबी बसवलाय, मग शॉकची भीती कशाला?’ आज एवढंच नीट समजून घेऊ.

एमसीबी तुमच्यासाठी नसतो, तो वायरसाठी असतो. गीझरचा एमसीबी समजा १६ अँपिअरचा आहे. शॉर्टसर्किट झालं, किंवा त्याहून बराच जास्त प्रवाह वाहत राहिला, की तो पडतो. वायर तापून आग लागू नये, हे त्याचं काम. आता ओल्या अंगाचा रोध हिशेबापुरता १००० ओहम धरा. घरातला दाब २३० व्होल्ट. म्हणजे अंगातून जाणार ०.२३ अँपिअर. हृदय बंद पडायला तेवढा पुरतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही!

मग प्लगमधली ती लांब, जाड पिन? ती अर्थिंगची. गीझरच्या पत्र्यात वीज उतरली तर जमिनीकडे जायला ती वाट देते. पण अर्थिंगची वायरच तुटलेली असेल, तर पत्रा तसाच हाताची वाट बघत राहतो.

म्हणून आरसीसीबी हवा. आपले वायरमन त्याला ईएलसीबीही म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला का, एवढाच हिशेब तो ठेवतो. घरांसाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर मात्र तोही फसतो.

आता खरी अडचण. पावसाळ्यात तो सारखा पडतो, घरचे वैतागतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘काढून टाका, डायरेक्ट जोडा.’ अहो, बहुतेक वेळा तो कुठेतरी गळती आहे हेच सांगत असतो! सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याच्यावर तो पडेल, ती लाइन बंद ठेवून वायरमनला दाखवा.

त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर स्विच पडला पाहिजे. नाही पडला, तर तो लगेच बदलून घ्या. आणि घरात आरसीसीबीच नसेल, तर पुढच्या व्याख्यानाआधी बसवून घ्या.