घाटात काटा चढतो तेव्हा

मे महिन्यात बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याचा घाट येतो. सपाटीवर मध्यावर असलेला तापमानाचा काटा घाटात ट्रकमागे रेंगाळताना वर सरकला आणि पुढे वेग घेताच उतरला, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यावा. गाडी वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. वेगातही काटा चढत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. कमी झालेलं कुलंट, अडकलेला थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर, यांतलं काहीतरी असेल.

गाडी बाजूला घेऊन निवू द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही, झाकण सैल होताच मात्र अंगावर उसळतं.

निवल्यावर आधी पातळी बघा. कुलंट फार कमी असेल तर सेन्सर कोरडा पडतो, त्याला इंजिनाची खरी उष्णता कळत नाही आणि चांगला फॅनही लागत नाही. हे पुष्कळदा सुटतं आणि उगीच मोटर बदलली जाते.

पातळी ठीक असेल तर इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरतो. फिरला, तर मोटर शाबूत आहे आणि दोष बहुधा सेन्सरकडे. नाही फिरला, तर इंजिन बंद करून फ्यूज बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका; धुळीनं जाम झालेली मोटर जास्त करंट ओढते, म्हणून तो उडालेला असू शकतो. फ्यूज चांगला असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले फॅनच्या जागी लावून पाहता येतो.

उरली मोटर. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो, म्हणून पात्यांपासून हात लांब ठेवा. मोटरचा कनेक्टर काढून तिला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरनं थेट १२ व्होल्ट द्या. फिरली नाही, तर मोटर गेली. फिरली, तर वितळलेला कनेक्टर किंवा गंजलेली अर्थिंग शोधायची.

वायरमन पुष्कळदा फॅन ‘डायरेक्ट’ करून देतो. घर गाठायला ते ठीक. पण सेन्सर बिघडलेलाच राहतो, आणि अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा त्याच सेन्सरवर चालतो.